नीरजाच्या नावाने

तीन वर्षांत नीरजाने लिहिलेले ऑफिसचे मेसेज यशोधनने एकूण एक वाचले होते, आणि त्यातला एकही त्याला लिहिलेला नव्हता. तिला त्याने कधी पाहिलंही नव्हतं. म्हणून जानेवारीतल्या त्या ओल्या सकाळी, तुकोगंजातल्या पोह्यांच्या ठेल्यावर, शेजारच्या छत्रीखालून एक आवाज त्याच्या कानावर आला तेव्हा त्याच्या हातातली प्लेट कलली आणि सगळी शेव बुटावर सांडली.

"नाही रे, काम कुठे पळून नाही जात," छत्रीखालची मुलगी फोनवर सांगत होती. "आईचे रिपोर्ट आधी घेऊन ये. मॅडमना मी बघते. आणि सुन... काही खाऊन जा."

मावठ्याची भुरभुर होती. पडतेय की नाही, हे केसांना हात लावल्यावरच कळावं अशी. यशोधन तसाच उभा राहिला. आवाज अनोळखी होता. पण ही वाक्यं... आधी धीर, मग माणसाची चौकशी आणि शेवटी खाण्याचं काहीतरी... ही चाल त्याला पाठ होती.

"माफ करा," तो म्हणाला, "तुम्ही... नीरजा का?"

छत्री वर झाली. दोन मोठे, सावध डोळे. "आपण?"

"मी यशोधन. पुण्याहून आलोय. आजपासून तुमच्याच ऑफिसात."

"मग माझं नाव कसं माहीत?"

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. खरं नीट बोलायचीही नव्हती. "मी तुमचे मेसेज वाचलेत."

"कोणते?"

"...सगळे."

नीरजाच्या हातातली जिलबी ओठांपाशीच थांबली. "सगळे मतलब? बंटीला मी गधा म्हटलं होतं, ते पण?"

"ते पण. दुसऱ्या दिवशी तुम्ही सॉरी म्हणालात. मग परत गधा म्हणालात."

तिला हसू आलं. पण हसू आलं म्हणून राग गेला असं नाही. मग त्याने चाचरत सगळं सांगितलं. प्रोजेक्ट मॅनेजरचं लिखापढीचं काम करणारा एक एआय सहाय्यक तो बनवत होता. मीटिंगचं टिपण, आठवड्याचा अहवाल, कोणाचं काम कुठवर आलं याची विचारपूस, असं सगळं. ही विचारपूस कशी करावी हे त्या सहाय्यकाला शिकवायला कंपनीने नमुना म्हणून नीरजाचे मेसेज दिले होते.

"ऑफिसचे मेसेज ऑफिसचेच असतात, असं मला सांगितलं होतं."

"मला विचारायला हवं होतं."

"हो," तो म्हणाला. "हवं होतं."

त्याने सबबी सांगितल्या नाहीत, हे तिला आवडलं. "यापुढे मला विचारल्याशिवाय माझ्या मेसेजकडे बघायचं नाही. कशासाठीच नाही."

"कबूल."

"आणि हे काय, असे फिके पोहे? जीरावण कुठंय? इंदौरमध्ये असे पोहे खाल्ले तर लोक तबियत विचारतात." तिने ठेल्यावरची डबी उचलून त्याच्या प्लेटवर मसाला झटकला.

"तुम्ही मराठीच बोलता ना?"

"इंदौरची मराठी आहे," ती छत्री मिटत म्हणाली. "आमच्याकडे अशीच मिळते."

ऑफिसात मंजिरी मॅडमनी सगळ्यांना गोळा केलं. त्या इथल्या शाखेच्या प्रमुख. गोड बोलत नसत, म्हणून त्यांच्यावर विश्वास बसे. ट्रान्सपोर्ट कंपन्यांसाठी ट्रकच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर बनवायचं काम नीरजाकडे होतं. त्याच प्रोजेक्टवर सहाय्यकाची चाचणी होणार होती.

"मार्चअखेरपर्यंत," मॅडम म्हणाल्या. "पास झाला तर एका प्रोजेक्टला एक मॅनेजर ही पद्धत बंद. नीरजा, म्हणजे तुझी आत्ताची जागा राहणार नाही. दुसरं काही देता येईल का, मला आज माहीत नाही. नापास झाला तर आहे तसं चालू. आणि याचे मेसेज नीरजाच्या नावाने जातील. मशीनने आठवण करून दिली तर तुम्ही ढुंकून बघणार नाही, मला माहीत आहे."

मग बंटी, टीममधला सगळ्यात जुना प्रोग्रामर, खुर्ची मागे रेलत म्हणाला, "याचं नाव मुनीमजी ठेवू, भिया. आज सगळ्यांचा हिशेब ठेवेल, उद्या दुकान याचंच."

सगळे हसले. नीरजाही हसली, पण उशिरा.

त्या संध्याकाळी मल्हारगंजातल्या घरी तिने आईला, सुलोचनाबाईंना, सगळं सांगितलं. मेथी निवडता निवडता त्यांनी विचारलं, "पण तू तिथे नेमकं करतेस काय गं? मी शेजारी सांगते, कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणून. त्यापुढे मला सांगता येत नाही."

"मी लोकांना विचारते, झालं का म्हणून. आणि वरच्यांना सांगते, होतंय म्हणून."

"बस?"

नीरजाने मेथीची जुडी आपल्या पुढ्यात ओढली. नोकरी जाण्यापेक्षा हा 'बस' तिला जास्त लागला. आपण जे मन लावून केलं त्याची किंमत काय, हे कोणी विचारावं आणि आपल्याकडेच उत्तर नसावं. ही टोचणी कोणत्याही वयात अवघडच, असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी ती यशोधनच्या टेबलापाशी गेली. "माझी जागा घ्यायला आलाय तो. निदान त्याच्याशी बोलायचं कसं, ते तरी शिकवा."

शिकवणी रोज चहाच्या वेळी. पहिल्या दिवशी तिने मुनीमजीला लिहिलं, "आठवड्याचा रिपोर्ट बनव."

"बंटीला काम असंच सांगता?" यशोधनने विचारलं.

"बंटीला इतकंच सांगितलं तर तो झोपून जाईल. त्याला सांगावं लागतं की काय हवंय, कुणासाठी, कधीपर्यंत, आणि काय करायचं नाही."

"मग यालाही तेच सांगा."

तिने लिहिलं. तिने चहावर फुंकर मारली तेवढ्यात अहवाल आला, चांगला आला. तिचा दर शुक्रवारचा दुपारभराचा वेळ खाणारा तो अहवाल. नीरजा पडद्याकडे बघत राहिली.

"माझे सगळे शुक्रवार..." ती हळूच म्हणाली, "यातच गेले?"

यशोधनने तिचा कप बोटाने तिच्याकडे सरकवला. "थंड होतोय." एवढंच. पण ते त्याने ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज तिने घरी जाताना स्कूटरवर बराच वेळ बरोबर नेला.

ती भराभर शिकली. काम नीट समजावून सांगणं हाच तिचा पेशा होता. मुनीमजी आत्मविश्वासाने थापा मारतो तेव्हाही ती पकडू लागली. एकदा त्याने आखलेलं वेळापत्रक यशोधन मोठ्या कौतुकाने घेऊन आला. होळी, धुळवड, सगळ्या सुट्ट्या धरलेल्या. नीरजाने एकदा नजर टाकली आणि कपाळाला हात लावला.

"ट्रान्सपोर्टवाल्यांना ट्रेनिंगला कधी बोलावलंय बघा. रंगपंचमीला!"

"मग?"

"मग? अहो, त्या दिवशी राजवाड्यावर गेर निघते. अख्खं शहर रस्त्यावर, टँकरने रंग उडतो. तुमचे ट्रेनिंगवाले गुलालातून शोधून आणणार कोण, मुनीमजी?"

"त्याला कोणी सांगितलं नव्हतं."

"तुम्हालाही सांगितलं नव्हतं. आता दोघांना सांगितलं." ती हसली आणि यशोधन वेळापत्रक बघायचं विसरला.

मोकळ्या झालेल्या शुक्रवारी ती ऑफिसात बसेना. ट्रान्सपोर्टच्या गोदामांत जाऊन बुकिंग क्लार्कच्या शेजारी स्टूल टाकून बसू लागली. तिथे तिला कळलं की तिच्या टीमने महिनाभर खपून बनवलेलं एक पान तिथे कोणी उघडतच नाही, आणि त्यांना जे हवंय ते कोणत्याच मीटिंगमध्ये कोणी बोललेलं नाही. ते तिने करून घेतलं. नऊ वर्षं तिला हेच करायचं होतं. वेळ मिळत नव्हता.

एक दिवस बंटी तिच्यापाशी येऊन हात जोडून उभा राहिला. "मॅडम, दिल को छू गया."

"काय?"

"तुमचा मेसेज. 'दमलास वाटतं. घरी जा, बायकोबरोबर गरम तळलेले गराडू खा.' बायकोला दाखवला. ती म्हणाली, मॅनेजर असावी तर अशी."

"मी नाही पाठवला," नीरजा म्हणाली. "मुनीमजी."

टीम हसून लोटपोट झाली. यशोधनच तेवढा गंभीर. "हे मी त्याला शिकवलेलं नाही," तो नंतर तिला म्हणाला. "तो तुमच्यावरून शिकला."

"मग तो बिघडला म्हणायचा की सुधारला?"

"ते... मला सांगता यायचं नाही. मी फार दिवस तुमचेच मेसेज वाचत होतो. माझं मत धरू नका."

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने चष्मा पुसायला काढला. तो स्वच्छ होता, तरीही पुसला.

रंगपंचमीला सगळी टीम गेर बघायला गेली. परतताना यशोधनच्या चष्म्याच्या काचा पार गुलाबी झाल्या होत्या, आणि या वेळी तो त्या पुसत नव्हता.

"दिसतंय का काही?" नीरजाने गर्दीतून ओरडून विचारलं.

"हवं ते दिसतंय!" तोही ओरडला, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन राजवाड्यापासून पार्किंगपर्यंत गप्प राहिला.

मार्च संपत आला. मुनीमजीचं काम चोख चाललं होतं. म्हणजे नीरजाचे या जागेवरचे दिवस थोडे होते, आणि चाचणी संपली की यशोधनही पुण्याला परतणार होता. शनिवारी दुपारी गच्चीवर केस वाळवताना तिने ऑफिसच्या चॅटवरच त्याला लिहिलं. त्याचा फोन नंबर तिने कधी मागितला नव्हता. तिने लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

'यशोधन, उद्या सकाळी मोकळे आहात का? कामाचं काही नाही. काम सोडून बोलायचंय... बराच वेळ.'

डोळे मिटून तिने तो पाठवला.

शनिवार गेला. रविवारी सकाळी ती उगाचच लवकर आवरून बसली. सुलोचनाबाईंनी दोनदा विचारलं, "कुठे जायचंय का?" दोनदा ती "नाही" म्हणाली. उत्तर आलं नाही.

तिकडे यशोधनने तो मेसेज तीनदा वाचला. मग त्याने स्वतःला समजावलं. नीरजासारखी मुलगी आपल्याला असं कशाला लिहील? हा मुनीमजी आहे. बंटीला गराडू खायला पाठवलं, तसंच हे. पाठवणारा कोण, हे आतल्या नोंदी उघडून क्षणात कळलं असतं. पण तिच्या मेसेजकडे बघायचं नाही असं त्याने कबूल केलं होतं. तिला सरळ विचारता आलं असतं... पण विचारायचं कसं? आणि ती 'छे, मी कुठे?' म्हणाली तर तोंड कुठे लपवायचं? दुसरीच एक गोष्ट त्याला छळू लागली. हे यंत्र उद्या तिच्या नावाने कोणालाही असं काही लिहील. लोक तिच्याबद्दल काय म्हणतील?

रविवारी संध्याकाळी त्याने बग टाकला. सॉफ्टवेअरमध्ये काही बिघाड सापडला की त्याची सगळ्यांना दिसेल अशी नोंद करतात, त्याला तिथे बग टाकणं म्हणतात. आणि टाकलेला प्रत्येक बग आधी प्रोजेक्ट मॅनेजरकडे जातो.

सोमवारच्या मीटिंगमध्ये बंटीने तो मोठ्याने वाचला. "'सहाय्यक नीरजा यांच्या नावाने खाजगी स्वरूपाचे मेसेज पाठवत आहे. गंभीरता: अत्यंत. मजकूर खाजगी असल्याने जोडलेला नाही. सहाय्यक ताबडतोब बंद करावा.' अरे बाप रे! मुनीमजीने हे काय कांड केलं?"

नीरजाचे कान तापले. तिने यशोधनकडे पाहिलं. तो टेबलाच्या कडेकडे बघत होता.

"हे खरं असेल तर चाचणी नापास," मंजिरी मॅडम म्हणाल्या. "नावाचा असा खेळ मला चालणार नाही. यशोधन, वर्षभराचं काम आहे तुमचं. खात्री आहे?"

"हो," तो म्हणाला. "काम परत करता येईल. नाव... नाव परत नाही मिळत."

"नीरजा, नाव तुझं, प्रोजेक्ट तुझा. संध्याकाळपर्यंत तपासून काय ते सांग."

बाहेर आल्यावर बंटी तिच्या कानाशी लागला. "मुबारक हो मॅडम! मुनीमजी गया. नोकरी पक्की. पेढे मी आणतो, पैसे तुम्ही द्या."

"गप रे, गधा."

ती आपल्या जागेवर बसून राहिली. काहीच करायचं नव्हतं. 'खरं आहे' एवढे दोन शब्द लिहिले की जागा तिची, शाखा तीच, मल्हारगंजातलं घर तेच. कोणालाही कधीही कळलं नसतं. आणि तो... तो पुण्याला गेला असता, वर्षाचं काम बुडवून. तिचं नाव जपलं या समाधानात. मूर्ख! तिला त्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मी लिहिलं असेल, हे याच्या मनात एकदाही येऊ नये? आणि आलं असेल तर, त्यावर विश्वास ठेवायला याने इतकं भ्यावं?

तिने बग उघडला आणि सगळ्यांना दिसेल असं लिहिलं:

'तपासलं. सहाय्यकाची चूक नाही. तो मेसेज मी लिहिला, मी पाठवला, पूर्ण शुद्धीत पाठवला. बग बंद. — नीरजा.'

हॉलमध्ये कोणाचातरी चमचा पडला. मग बंटीचा आवाज, "ओ हो हो हो! भिया!" मग खुर्च्यांचा एकच खडखडाट. नीरजा तोवर मंजिरी मॅडमच्या केबिनमध्ये शिरली होती आणि दार लावून त्याला पाठ टेकून उभी होती.

मॅडमनी पडद्यावरून नजर वर केली. "म्हणजे चाचणी पास."

"हो, मॅडम."

"तुला कळतंय ना, तू आत्ता तुझी जागा बंद केलीस?"

"हो."

"बस खाली." मॅडमनी चष्मा काढला. "यशोधनचा अहवाल गेल्या आठवड्यातच आलाय. त्याने लिहिलंय, मुनीमजी चांगला आहे, पण नीरजा शेजारी बसली नाही त्या दिवशी तो नुसताच गुळगुळीत बोलतो. मला वाटलं, बाजू घेतोय. आता बाजू घेतोय हे कळलंच." त्या किंचित हसल्या. "पण गोदामवाल्यांचे फोन मलाही आले. त्यांना तू हवीयस. एक प्रोजेक्ट सांभाळणारी मॅनेजर मला आता नको. दोन नवी कामं येतायत. तिन्ही कामं, मुनीमजी आणि तू. घेशील?"

नीरजा खुर्चीच्या कडेवर बसली. "म्हणजे त्या दोन कामांना जी दोन माणसं घेतली असती, ती..."

"घेणार नाही. हो. गोड करून सांगत नाही. पगारही तूर्त तोच. नंतर भांडायला ये."

"येईन," नीरजा म्हणाली. "पण एक अट आहे. त्याचे मेसेज यापुढे त्याच्या नावाने जातील, आणि माझे माझ्या."

"तीच अट मी घालणार होते," मॅडम म्हणाल्या. "आजच्यानंतर तर नक्कीच."

हॉलच्या दुसऱ्या टोकाला यशोधन आपल्या पडद्यासमोर बसला होता. त्याचे कान लाल झाले होते. बंटी मागे उभा राहून म्हणत होता, "लिहा ना भिया. इथे तर ट्रकसुद्धा इतका वेळ उभा नाही राहत." त्याने पहिली ओळ लिहिली, खोडली. दुसरी लिहिली, तीही खोडली. पडद्याच्या कोपऱ्यात मुनीमजीने अदबीने विचारलं: 'उत्तराचा मसुदा तयार करून देऊ?'

यशोधनने 'नको' दाबलं.

मग त्याने तो बंद झालेला बग पुन्हा उघडला. केबिनच्या काचेमागे नीरजाचा फोन वाजला. 'बग पुन्हा उघडला — यशोधन' ही ओळ वाचून तिने मान वर केली, तर तो सरळ तिच्याकडेच बघत होता. या वेळी टेबलाच्या कडेकडे नाही.

आपल्या दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, त्याने लिहिलं:

'चूक बग टाकणाऱ्याची होती. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण ते मला लिहिलेलं असेल यावर माझा विश्वास बसला नाही. अजूनही नीट बसलेला नाही, पण बसेल. या रविवारी मी मोकळा आहे, नीरजा. पुढच्याही. पुण्याचं तिकीट काढलेलं नाही. बराच वेळ म्हणजे किती, ते मात्र तू सांग. अंदाज बांधणं तुझं काम आहे.'

'तुम्ही' लिहावं की 'तू', यावर त्याचं बोट घुटमळलं. 'तू' तसंच राहू दिलं, आणि पाठवलं.